शब्द फक्त पोरांनीच पाळायचा का? अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएएला एका आईचं खुलं पत्र

प्रति,
एनसीएए डिव्हिजन वनचे बोर्ड मेंबर, सगळ्या युनिव्हर्सिट्यांचे प्रेसिडेंट आणि अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, आणि एनसीएएचे प्रेसिडेंट चार्ली बेकर साहेब,
इंडियानापोलिस

नमस्कार,

मराठीत लिहितेय कारण चिडले की मला इंग्लिश सुचत नाही, वीस वर्षं ओहायोत काढली तरी भांडण अजून सांगलीच्याच भाषेत येतं. तुम्ही हे वाचणार नाही हे माहितीये. पण इथले मराठी आईबाप वाचतील, पहाटे साडेचारला गाडी काढून पोरांना पूलवर सोडणारे, शनिवार-रविवार टेनिस कोर्टाबाहेर घडीच्या खुर्चीवर काढणारे, आणि तिकडे पुण्यात बसून यूट्यूबवर रिक्रूटिंगचे व्हिडिओ बघणारे पण. त्यांना तरी कळूदे की "कमिट झाली", म्हणजे अमक्या कॉलेजकडून खेळायचं ठरलं, म्हणून पेढे वाटतो तेव्हा नक्की कोण कोणाला बांधला जातो.

माझी लेक पोहते. दोनशे ब्रेस्टस्ट्रोक. नोव्हेंबर २०२२ मधे, बारावीत असताना तिनं नॅशनल लेटर ऑफ इंटेंटवर, म्हणजे मी याच कॉलेजकडून खेळणार असं लिहून द्यायच्या कागदावर, सही केली. किचन टेबलवर पोह्यांच्या डिश बाजूला सारून, मागे कॉलेजच्या रंगाचे फुगे, अंगात कॉलेजचा हूडी, आणि मी फोटो काढताना सारखी सांगतेय की पेन नीट दिसूदे. त्या कागदावर माझी पण सही होती. तुमचा नियम असा की मुलगा किंवा मुलगी एकवीसच्या आतली असेल तर आईबापाची सही पाहिजेच. म्हणजे अठराव्या वर्षी ती मत देऊ शकते, आर्मीत जाऊ शकते, पण कुठल्या कॉलेजसाठी पोहणार हे आईनं सही केल्याशिवाय ठरत नाही. तेव्हा मला याचं कौतुकच वाटलेलं, म्हटलं किती जबाबदार लोक आहेत.

१९६४ पासून तो कागद चालत आलेला. सही झाली की बाकीच्या कोचनी तिला फोन करायचा नाही, आणि तिनं एक वर्ष तिथंच शिकायचं, नाहीतर दुसरीकडे गेल्यावर एक वर्ष बाहेर बसायचं आणि खेळायचा एक सीझन पण गमवायचा. बदल्यात कॉलेज काय देणार? एका वर्षाच्या स्कॉलरशिपची हमी. एकाच वर्षाची! तुम्हीच १९७३ मधे स्कॉलरशिप एकेका वर्षाची करून टाकलीत आणि २०१२ पर्यंत त्याहून जास्त वर्षांची लेखी हमी द्यायला कॉलेजला परवानगीच नव्हती. पोरांना मात्र भाषणात सांगायचं फोर इयर्स, फॅमिली, फॅमिली. आणि वर्षानुवर्षं त्या कागदात एक ओळ असायची की तुझी सही कॉलेजबरोबर आहे, कोचबरोबर नाही. अहो पण रिक्रूट कोण करतं? कॉलेजची बिल्डिंग येते का घरी जेवायला? आमच्याकडे कोच आलेल्या, चप्पल-बूट दाराबाहेर काढून, वरणभात दोनदा मागून घेतला, माझ्या सासूबाईंशी खाणाखुणा करून बोलल्या. लेकीनं हो म्हटलं ते त्या बाईंना.

जून २०२३. तिच्या हायस्कूल ग्रॅज्युएशनच्या पार्टीला चार दिवस होते, मी ढोकळ्याची ऑर्डर द्यायला फोन हातात घेतलेला आणि ही वरून खाली आली, चेहरा पांढराफटक. कोच चालल्या. दुसऱ्या मोठ्या कॉलेजनं बोलावलं, जास्त पगार, जास्त चांगला पूल. टीमला झूमवर सांगितलं आणि येणाऱ्या नवीन मुलींना एक ईमेल. त्यात लिहिलं होतं तुम्ही योग्य हातात आहात. कुणाच्या हातात ते लिहिलं नव्हतं, कारण नवीन कोच अजून नेमलाच नव्हता.

लेक म्हणाली, आई मला नाही जायचं तिथे. आपण विचारूया का, सोडतील का? आणि इथे मी जे बोलले ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं आपण दिलेला शब्द फिरवत नाही. लगेच सांगलीला फोन लावला, अण्णांना, माझ्या वडिलांना, म्हणजे माझ्या बाजूनं अजून एक माणूस. कृष्णेत पोहायला शिकलेला माणूस, नातीच्या पोहण्याचा कोण अभिमान. ते पण तेच म्हणाले, बाळा शब्द दिलाय ना, मग आता माघार नाही, गाव काय म्हणेल. गाव! ओहायोत कसलं गाव. पण ती गप्प झाली आणि ऑगस्टमधे बॅगा भरून गेली. सुटका आम्ही मागितलीच नाही. त्याचा दोष तुमच्यावर टाकत नाही, तो माझा आहे. तुमच्याकडे फक्त एवढं विचारायचंय की शब्द नावाची जी गोष्ट आम्ही इतकी मनावर घेतो ती तुमच्या बाजूला कुणाला लागू आहे का.

कारण नंतर मी वाचायला लागले. रात्री लॅपटॉप घेऊन, नवरा म्हणायचा पीएचडी करतेस का. आणि जे सापडलं ते वाचून झोप उडाली.

लेटिशिया रोमेरो, स्पेनच्या कॅनरी बेटांवरून कॅन्सास स्टेटला बास्केटबॉल खेळायला आलेली मुलगी. २०१४ मधे कॉलेजनं तिच्या कोचला काढलं. स्वतः काढलं हां. मग ही म्हणाली मला दुसरीकडे जाऊद्या, तर नाही म्हणाले, रिलीज मिळणार नाही. महिनोन् महिने अडवून ठेवलं, देशभर बोंबाबोंब झाली तेव्हा सोडलं आणि ती फ्लोरिडा स्टेटला गेली. त्याच कॉलेजनं २०१७ मधे कोरी सटन नावाच्या फुटबॉलच्या पोराला असंच लटकवलं. त्यानं पस्तीस कॉलेजची नावं दिली, पस्तीसच्या पस्तीस नाकारली. आमच्याकडे स्थळं बघताना पण एवढी नकारघंटा वाजत नाही. नंतर ओरड झाली, कोचनं माफी मागितली आणि मग सोडला. म्हणजे पोराची बातमी झाली तर न्याय, बातमी नाही झाली तर बस घरी.

आणि एक शहाणा पोरगा पण सापडला. रोक्वान स्मिथ, जॉर्जियाचा. फेब्रुवारी २०१५, साइनिंग डे, टीव्हीवर सगळ्या देशासमोर सांगून मोकळा की मी यूसीएलएला जाणार. आणि त्याच दिवशी कळलं की ज्या कोचच्या भरवशावर जाणार तो कोच एनएफएलच्या, म्हणजे प्रोफेशनल फुटबॉल लीगच्या, अटलांटा टीमकडे निघालाय. नशीब बघा, कागद अजून पाठवला नव्हता! मग त्यानं लेटर ऑफ इंटेंट केलंच नाही, जॉर्जियाला गेला तो फक्त स्कॉलरशिपच्या कागदावर सही करून. २०१८ मधे एनएफएल ड्राफ्टमधे, म्हणजे तिथल्या टीमा नवीन खेळाडू निवडतात त्यात, आठवा गेला. त्याची गोष्ट मी २०२२ मधे वाचली असती तर पोह्यांच्या डिश जागच्या जागीच राहिल्या असत्या. तो एवढा मोठा प्लेयर होता म्हणून त्याला असं करता आलं हे मला कळतं, दोनशे ब्रेस्टस्ट्रोकवालीनं लेटर सही करणार नाही म्हटलं असतं तर कोच म्हणाली असती बरं, पुढची.

आता फुटबॉलच्या कोच लोकांचं बघू. नोव्हेंबर २०२१ मधे लिंकन रायली ओक्लाहोमा सोडून यूएससीला गेला, दुसऱ्याच दिवशी ब्रायन केली नोट्र डेम सोडून एलएसयूला. त्यांना एक वर्ष बाहेर बसवलंत का? परवा परवा, ३० नोव्हेंबर २०२५ ला, लेन किफिननं कहर केला. ओल मिसची टीम अकरा मॅच जिंकून एक हरलेली, कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा प्लेऑफमधे जायच्या बेतात, आणि हा माणूस एलएसयूला निघून गेला, कारण तिथली खुर्ची रिकामी झालेली. ती का रिकामी? तर ब्रायन केलीला महिन्याभरापूर्वीच काढलेलं, साधारण ५.४ कोटी डॉलरचं उरलेलं कॉन्ट्रॅक्ट डोक्यावर घेऊन. त्याआधी २०२३ मधे टेक्सास ए अँड एमनं जिंबो फिशरला काढलं तेव्हा ७.५ कोटी डॉलरहून जास्त देणं लागत होते. न जिंकण्याचे! मी फार्मसीत काम करते, मला काढलं तर दोन आठवड्यांचा पगार आणि एक खोका मिळेल.

मी असं नाही म्हणत की कोचनी जाऊ नये. जावं, जरूर जावं, चांगली संधी आली तर कुणीही जाईल, मी पण दोन नोकऱ्या बदलल्या. ज्या बाई आमच्या घरी वरणभात जेवल्या त्यांच्यावरही आता माझा राग नाही, त्यांना पण पोरं आहेत, घराचे हप्ते आहेत. पण मग सतरा-अठरा वर्षाच्या मुलीनं तेच केलं की ती "लॉयल नाही", "सॉफ्ट आहे", "आजकालची पिढी", हे कसं काय?

आता तुम्ही म्हणाल बाई जुनी रडगाणी गाऊ नका, आता सगळं मोकळं आहे, ट्रान्सफर पोर्टल आहे, कॉलेज बदलायचंय त्यांनी नाव टाकायची ऑनलाइन यादी. आहे ना. पण ते तुम्ही खुशीनं दिलं असं दाखवू नका. ऑक्टोबर २०१८ मधे पोर्टल सुरू झालं, तोपर्यंत कोचची परवानगी असल्याशिवाय दुसऱ्या कॉलेजशी बोलायची सोय नव्हती. एप्रिल २०२१ मधे एकदा कॉलेज बदलायची मुभा सगळ्या खेळांना दिली, तोपर्यंत फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या पोरांना वर्षभर बाहेर बसवत होतात. दुसऱ्यांदा बदललं तर परत बाहेर, नाहीतर वेव्हरसाठी, म्हणजे नियमातून सूट मिळायला, अर्ज करा आणि तुमच्या कमिटीच्या मनात येईल तसं.

ते मोडलं आमच्या ओहायोनं. डिसेंबर २०२३, आमच्या अ‍ॅटर्नी जनरलनी अजून सहा राज्यांना बरोबर घेऊन तुमच्यावर अँटिट्रस्टची, म्हणजे मक्तेदारीविरोधी कायद्याची, केस ठोकली, वेस्ट व्हर्जिनियाच्या फेडरल कोर्टात. तिथे रेक्वान बॅटल नावाचा बास्केटबॉलचा पोरगा. आधी वॉशिंग्टन, मग मोंटाना स्टेट, मग त्याचा कोच मोंटाना सोडून गेला म्हणून हा पण तिथून निघाला आणि वेस्ट व्हर्जिनियाला आला. कोच दुसऱ्या दिवसापासून कामाला लागला आणि पोराला तुम्ही बेंचवर बसवलंत! जज बेली यांनी १३ डिसेंबरला तुमचा नियम थांबवला, जानेवारीत केंद्राचं न्याय खातं पण केसमधे उतरलं, आणि मे २०२४ मधे तुम्ही समझोता केलात. हे सगळं कोर्टाची काठी बसल्यावर. त्याआधी २०२१ च्या जूनमधे सुप्रीम कोर्टानं अल्स्टन केसमधे, खेळाडूंना शिक्षणासाठी मिळणाऱ्या फायद्यांवर तुम्ही घातलेल्या मर्यादेबद्दल, नऊ विरुद्ध शून्य तुमच्या विरोधात निकाल दिलेला, त्यात जस्टिस कॅव्हनॉ यांनी वेगळं लिहिलं की एनसीएए कायद्याच्या वर नाही. तरी तुम्हाला अडीच वर्षं लागली.

बरं, आता जरा तुमच्या बाजूनं पण बोलते, नाहीतर म्हणाल आई आहे, आंधळी माया. पोर्टलमुळे सर्कस झालीये हे खोटं नाही. चार वर्षात चार कॉलेजं करणारी पोरं आहेत. एजंट आहेत, सीझन संपायच्या आधी मागच्या दारानं फोन येतात. डिग्रीचा पत्ता नाही. लेकीच्या हायस्कूलमधला एक मुलगा, फुटबॉलवाला, जोशात पोर्टलमधे नाव टाकलं, कुणीच घेतलं नाही आणि जुन्या कॉलेजनं जागा दुसऱ्याला दिलेली, आता वडिलांच्या एसी-हीटिंगच्या धंद्यात आहे. चांगला कमावतोय तसा. पण त्याची आई मला क्रोगर दुकानात भेटली तर नजर चुकवते, जसं काही त्यांच्याकडून पाप घडलं. मोकळीक म्हणजे पडायची पण मोकळीक, हे आम्हाला मान्य आहे. पण तुम्ही हे सगळं फक्त पोरांच्या चंचलपणाच्या खात्यावर मांडता, ते मला मान्य नाही. कारण आमच्या घरी सर्कस झाली ती लेकीनं शब्द मोडला म्हणून नाही.

एप्रिल २०२५. सेकंड इयर संपत आलेलं. दोन वर्षं नवीन कोचच्या हाताखाली तिनं मान खाली घालून काढलेली, खांदा दुखत होता तरी एक मीट चुकवली नाही. हाउस केसच्या, म्हणजे खेळाडूंनी पैशासाठी तुमच्यावर केलेल्या केसच्या, समझोत्याची कुजबुज चालूच होती, की कॉलेजं आता खेळाडूंना पैसे वाटणार, पहिल्या वर्षी एका कॉलेजला २.०५ कोटी डॉलरपर्यंत, आणि त्याबरोबर स्कॉलरशिपची मर्यादा जाऊन रोस्टरची, म्हणजे टीममधे किती जण ठेवायचे त्याची, मर्यादा येणार. स्विमिंगला तीस. त्यांच्या टीममधे अडतीस मुली होत्या. मी हिशोब केला होता पण मनात म्हटलं हिचं नाव नसणार त्या आठात, ही जुनी, ही शब्दाला जागलेली.

मीटिंग दहा मिनिटं चालली. तिनं मला नंतर सांगितलं की टेबलवर टिश्यूचा नवा कोरा बॉक्स होता, प्लॅस्टिक नुकतंच काढलेलं, तो बघूनच तिला कळलं. कोच म्हणाले तू टीमसाठी खूप केलंस, तुझी स्कॉलरशिप आम्ही काढत नाही, तू इथे शीक, फक्त पोहता येणार नाही. ती बाहेर आली, ओला टॉवेल अजून खांद्यावर, पार्किंग लॉटमधून फोन केला. म्हणाली, आई, आपण शब्द पाळला ना गं? मला उत्तर देता आलं नाही. आपण तर पाळला होता.

हाउस केसच्या जज विल्केन बाईंनी त्याच महिन्यात समझोता अडवून धरला, की ज्यांची जागा या मर्यादेमुळे जातेय त्यांचं काहीतरी करा. मग तुमच्या वकिलांनी यादीची युक्ती काढली. ज्यांना कापलं त्यांची नावं यादीत घालायची, आणि यादीतली मुलं रोस्टरच्या मोजणीत धरायची नाहीत, आपल्या कॉलेजात राहिली तरी आणि दुसरीकडे गेली तरी. ऐकायला झकास! ६ जून २०२५ ला मंजूर झालं. पण परत घेणं कॉलेजवर बंधनकारक नाही. लेकीचं नाव यादीत आहे, मी बघितलंय. कॉलेज म्हणालं यादीत आहे पण जागा नाही. रेल्वेची वेटिंग लिस्ट तरी कधीतरी कन्फर्म होते हो.

मग आम्ही पण त्या सर्कशीत. पोर्टलमधे नाव, टाइम्सची यादी, व्हिडिओ, कोचना ईमेल. शेवटी एका छोट्या कॉलेजनं घेतलं, घरापासून दोन तासांवर, स्कॉलरशिप आधीच्या निम्मी. आणि तिथे तुमचाच अजून एक नियम वाट बघत उभा. तिसऱ्या वर्षी खेळायचं तर डिग्रीचा चाळीस टक्के भाग पूर्ण पाहिजे. एकशेवीस क्रेडिटचे चाळीस टक्के म्हणजे अठ्ठेचाळीस. तिच्याकडे बासष्ट होते, पण नवीन कॉलेजनं त्यातले डिग्रीला लागू धरले सत्तेचाळीस. एक क्रेडिट कमी! एका क्रेडिटसाठी पोरीनं सबंध उन्हाळा कम्युनिटी कॉलेजमधे स्टॅटिस्टिक्स केलं, आमच्या खिशातून फी भरून, सकाळी लाइफगार्डची नोकरी आणि रात्री होमवर्क. तुम्ही म्हणाल अभ्यासाचा नियम आहे, चांगलाच आहे. आहेच. पण तिला कापणाऱ्या कॉलेजनं त्या क्रेडिटसाठी एक फोन केला असता, एक सिलॅबस वेळेवर पाठवला असता तर निभलं असतं, त्याचा नियम तुमच्या अख्ख्या पोथीत कुठे आहे? मी शोधला, मला काही सापडला नाही.

आणि आमची निदान इथली, सिटिझन. महाराष्ट्रातून पोरं येतात, ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमला खेळली, अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटला, त्यांचं बघून अजून येणार. स्टुडंट व्हिसावरच्या पोराला असं कापलं तर त्यानं काय करायचं, नवीन कॉलेज, नवीन आय-ट्वेंटी (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद), सगळं तारखेच्या आत, आणि सात समुद्रापलीकडे आईबाप व्हॉट्सअ‍ॅपवर. बाकीचे एनआयएलचे, म्हणजे आपलं नाव आणि फोटो जाहिरातीला वापरू दिल्याचे, पैसे घेतात, याला ते पण घ्यायची भीती, कारण व्हिसाचे कामाचे नियम. पुण्यातल्या एका ताईंनी मला मागच्या महिन्यात विचारलं की ऑफर आलीये, सही करू का. मी म्हटलं करा, पण आधी कोचच्या कॉन्ट्रॅक्टला किती वर्षं राहिलीत ते गूगल करा, सरकारी युनिव्हर्सिटी असेल तर बऱ्याचदा सापडतं. आणि टीममधे आत्ता मुली किती आणि मर्यादा किती ते बोटावर मोजा. फुगे नंतर लावा.

आता मुद्द्याचं. जुनं लेटर ऑफ इंटेंट तुम्ही ऑक्टोबर २०२४ मधे बंद केलंत, साठ वर्षांनी. छान. पण त्याच्या जागी नुसते स्कॉलरशिपचे कागद आले नाहीत, मोठ्या खेळांत पैशाची कॉन्ट्रॅक्टं पण आली, आणि त्यात कॉलेजच्या वकिलांनी काय काय भरलंय ते बाहेर येतंय. जॉर्जिया युनिव्हर्सिटीचं अ‍ॅथलेटिक डिपार्टमेंट डेमन विल्सन नावाच्या पोराच्या मागे लागलंय, तो मिझुरीला गेला म्हणून ३,९०,००० डॉलर परत दे. विस्कॉन्सिननं तर झेवियर लुकसचं नाव पोर्टलमधेच टाकलं नाही, शेवटी तो कॉलेज सोडून सरळ मायामीत अ‍ॅडमिशन घेऊन मोकळा झाला, मग विस्कॉन्सिननं जून २०२५ मधे मायामीवर केस केली. म्हणजे बघा गंमत, कोचला काढलं तर कोचला पैसे, आणि पोरगं गेलं तर पोराकडून पैसे.

मी कॉन्ट्रॅक्टच्या विरुद्ध नाही. घ्या पोरांना बांधून दोन वर्षं, तीन वर्षं, हरकत नाही, पैसे देताय तर बांधा. पण मग तुम्ही पण बांधून घ्या. कोच गेला तर पोराला दंडाशिवाय जाता आलं पाहिजे, सही झाल्यावर आणि कॉलेज सुरू व्हायच्या आधी गेला तरी. रोस्टरमधून कापलं तर डिग्री होईपर्यंतचा खर्च कापणाऱ्याच्या डोक्यावर, पोरगी कुठेही शिको, आणि बुडालेल्या क्रेडिटचा पण. आणि हे सगळं ठरवताना टेबलाच्या पलीकडे पोरांचा माणूस पाहिजे, त्यांनी स्वतः निवडलेला, त्यांचा वकील घेऊन, जशी एनएफएलच्या खेळाडूंची युनियन बसते तशी. तुमच्या कमिटीत दोन शहाणी मुलं शोभेला बसवता ते नको.

त्याऐवजी तुम्ही काय करताय, तर वॉशिंग्टनच्या वाऱ्या. काँग्रेसनं आम्हाला अँटिट्रस्टमधून सूट द्यावी, म्हणजे कोर्टात कुणी ओढणार नाही आणि ट्रान्सफरचे नियम परत हवे तसे करता येतील. डिसेंबर २०२५ मधे हीच सूट देणाऱ्या स्कोर अ‍ॅक्टचं मतदान ऐनवेळी मागे घ्यावं लागलं ते मी बघितलं, आणि तुम्ही परत जाणार हे पण मला माहितीये. बेकर साहेब, तुम्ही मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर होतात, हार्वर्डमधे बास्केटबॉल खेळलात, टीममधून नाव जाणं म्हणजे काय हे मी तुम्हाला शिकवायला नको. ज्या कोर्टानं रेक्वान बॅटलला खेळायला दिलं तो दरवाजा बंद करायला तुम्ही निघालाय, आणि कारण देताय पोरांचं हित.

आमच्या ओहायोच्या काँग्रेसमनना मी हेच पत्र इंग्लिशमधे पाठवतेय, लेकीनं ग्रामर तपासून दिलंय, दोन ठिकाणी "आई, हे जरा जास्त होतंय" म्हणून खोडलं पण आहे. इथे मराठीत ते तसंच ठेवलंय.

जानेवारीत त्यांची मीट होती, जुन्या कॉलेजबरोबर. जुन्या कॉलेजच्याच पूलमधे. मी तो पार्किंग लॉट बघितला आणि जरा वेळ गाडीतच बसून राहिले. आत गेले तर जुन्या टीममधल्या मुलींनी ब्लॉकच्या मागे येऊन तिला मिठ्या मारल्या, कोच लांबूनच हात हलवून गेले. भिंतीवर अजून मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, फॅमिली. दोनशे ब्रेस्टला ही दुसरी आली, तिच्या आयुष्यातला तिसरा बेस्ट टाइम, मी एवढी ओरडले की शेजारचा माणूस सरकून बसला. पहिली आली त्यांची एक उंच मुलगी, छान पोहली, खरंच छान. घरी येताना लेकीला विचारलं, ही कोण गं, तुझ्या वेळची तर नाही. ती म्हणाली नाही आई, ही यंदाच आलीये त्यांच्याकडे, पोर्टलमधून, हे तिचं तिसरं कॉलेज.

आपली,
एका स्विमरची आई
डब्लिन, ओहायो
(मूळ सांगली)